मदत हवी आहे: प्रांतांच्या संयुक्त करारात हायड्रोजन गाड्या बॅटरीच्या गाड्यांबरोबर धराव्यात की वेगळ्या?

नमस्कार मंडळी,

वाहतूक धोरणाच्या वर्गात आम्हाला एक खेळ दिलाय. अ, ब, क असे तीन काल्पनिक शेजारी प्रांत, तिघांतून जाणारा एक महामार्ग, आणि बॅटरीच्या व हायड्रोजन फ्युएल सेलच्या (हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या) गाड्या वाढवण्यासाठी तिघांनी मिळून करायचा करार. मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बॅटरीचा भाग दोन बैठकांत उरकला, हायड्रोजनवर घोडं अडलंय.

नमुना म्हणून अमेरिकेतल्या आठ राज्यांचा २०१३ चा सामंजस्य करार घेतला होता. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओरेगन वगैरे राज्यांनी मिळून २०२५ पर्यंत ३३ लाख शून्य-उत्सर्जन गाड्या रस्त्यावर आणायच्या, असं ते उद्दिष्ट. बॅटरी, प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या) आणि फ्युएल सेल, तिन्ही एकाच टोपलीत. सोपं वाटलं म्हणून मी तसंच उतरवून काढलं. मग तिथल्या नियमांतली मेख सापडली. गाडी कॅलिफोर्नियात विकली तरी तिचं श्रेय (ठरलेला आकडा भरताना धरली जाणारी नोंद) कंपनीला तेच नियम स्वीकारलेल्या इतर राज्यांतही मिळायचं. बॅटरी गाड्यांची ही सवलत २०१७ च्या मॉडेल वर्षाबरोबर संपली, फ्युएल सेलची पुढे चालू राहिली, कारण बाकी ठिकाणी हायड्रोजनचे पंप जवळपास नव्हतेच. आमच्याकडे असं झालं तर क प्रांत एकही पंप न बांधता आकडा गाठेल. (क झालेला मित्र यावर भलताच खूश आहे.)

म्हणून युरोपकडे वळले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार २०३० अखेरपर्यंत मुख्य महामार्गांच्या जाळ्यावर जास्तीत जास्त २०० किलोमीटरवर एक हायड्रोजन पंप हवा, ७०० बार (दाबाचं एकक) दाबाने भरणारा, दिवसाला एक टन क्षमतेचा. सीमेवरच्या टप्प्यातही हे अंतर वाढू नये याची जबाबदारी शेजारी देशांनी मिळून घ्यायची. हे कलम मला फार आवडलं. अ आणि ब यांच्या हद्दीत जर पंप सीमेपासून दीड-दीडशे किलोमीटर आत असतील, तर दोघेही आपापल्या नकाशावर पास आणि गाडीवाला मात्र ३०० किलोमीटरच्या खिंडीत.

पण गणित मांडलं आणि हात थबकला. एका कारमध्ये साधारण ५-६ किलो हायड्रोजन मावतो. एक टन म्हणजे दीडशेहून जास्त गाड्यांची टाकी. सीमेवरच्या पंपावर दिवसाला दहा गाड्या आल्या तर खपणार जेमतेम ६० किलो, आणि यंत्रणा उभी १००० किलोंची. हा तोटा कोणी सोसायचा? जमीन ज्याची त्याने, की ज्याच्या गाड्या जास्त त्याने?

तर विचारायचंय ते असं: उद्दिष्ट एकच ठेवावं की हायड्रोजनचं वेगळं? आणि सीमेवरच्या पंपाचा खर्च वाटायची एखादी चालणारी पद्धत कुणाला ठाऊक आहे का? परवा सादरीकरण आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

उद्दिष्ट वेगळंच ठेवा. एकत्र ठेवलंत की सगळे स्वस्त बाजूला पळणार, आणि ती बाजू बॅटरीची आहे. तेवढ्याच विजेतून हायड्रोजन बनवून गाडी चालवली तर अंतर निम्म्याहून कमी पडतं.

दहा गाड्यांचा हिशेबही कागदावरचाच. त्या दहा सलग आल्या तर? पंपावर गॅस उणे ४० अंशांपर्यंत थंड करून भरतात. दमट हवेत नोझल गाडीच्या तोंडाला गोठून चिकटतं, ते सुटेपर्यंत मागचा माणूस ताटकळत उभा. दोन-चार गाड्यांनंतर साठ्यातला दाब उतरतो, कॉम्प्रेसरला तो पुन्हा चढवावा लागतो. 'तीन ते पाच मिनिटांत टाकी फुल' हे पहिल्या गाडीवाल्याचं भाग्य.

प्रतिसाद २

तुम्ही कारच्या मागे का लागलाय? बस घ्या. बस रात्री आगारात परतते, तिला महामार्गभर पंप लागत नाहीत. युरोपातल्या 'जाईव्ह' प्रकल्पांत (पहिला २०१७ चा, दुसरा २०१८ चा) अनेक शहरांनी गट करून संयुक्त खरेदीचा मार्ग धरला, दोन्ही मिळून जवळपास ३०० फ्युएल सेल बस आणण्याचा बेत होता. मोठी ऑर्डर एकत्र दिली की भाव पाडून मागता येतो. तुमच्या तीन प्रांतांना जमण्यासारखं सहकार्य हे आहे. मात्र बस सहसा ३५० बारवर भरतात आणि कार ७०० वर, तेव्हा एकाच पंपावर दोन्ही भरायच्या असतील तर ते मसुद्यात स्पष्ट लिहा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! ३५० आणि ७०० चा घोळ माझ्या डोक्यातच आला नव्हता, मसुद्यात नुसतं 'हायड्रोजन पंप' लिहून मोकळी झाले होते. आता वेगळं उद्दिष्ट, संयुक्त बस खरेदी, आणि सीमेवरचा पंप बसच्या आगाराला जोडून, असं मांडते. म्हणजे दिवसाला तीस बस आल्या आणि प्रत्येकीने २५ किलो घेतले तरी ७५० किलो खपतील, कार आल्या तर आल्या. अडचण एकच, सीमेजवळचं आगार क च्या हद्दीत आहे आणि क ला आता जागेचं भाडं हवंय. भाडं द्यावं, की त्याचा पंपातला वाटा तेवढा कमी करावा?