सल्ला हवा: रावेरहून तेजोमेघ आणि दीर्घिका बघायला कोणती दुर्बीण घ्यावी?

केळीवाला_रावेर:
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग), दीर्घिका (असंख्य ताऱ्यांचे प्रचंड समूह) स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या म्हणते. दहा हजारांपर्यंत टेलिस्कोप कोणता घेऊ? जवळपास अंधार कुठे मिळेल?

सातपुड्याचा_वाटसरू:
दादा, एवढ्यात टेलिस्कोप नको. या किमतीत स्टँड इतका हलका येतो की फोकसला हात लावला की तारा नाचतो, आणि पोरं कंटाळतात. 10×50 ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; दहा पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) घ्या. सातपुड्यातल्या पाल गावाकडे वर चढलात की रावेर-सावद्याचे दिवे मागे राहतात.

दिवाळीच्या अमावास्येला फटाक्यांचा धूर असतो, म्हणून कार्तिक अमावास्या धरा. साडेआठच्या सुमारास भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन डोक्यावर येतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून पुढे दुसरा तारा गाठा, तिथून शर्मिष्ठेच्या (उत्तरेकडच्या M आकाराच्या तारकासमूहाच्या) दिशेला वळा, दोन मंद तारे मोजा. दुसऱ्याच्या शेजारी पिंजलेल्या कापसासारखा लांबट पुंजका दिसेल, तीच देवयानी दीर्घिका. अंधार चांगला असेल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

गिरणाकाठचा_मास्तर:
मुलीला आधीच सांगून ठेवा की फोटोतले रंग दिसणार नाहीत. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, सगळं राखाडीच दिसतं. पण देवयानीचा तो उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय, हे तिला तिथे उभं राहूनच सांगा. 1923 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलला त्यात एक रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा सापडला, त्यावरून अंतर काढता आलं, आणि देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे त्यातूनच सिद्ध झालं.

थेट रोखून बघू नका, नजर किंचित बाजूला ठेवा, पुंजका जास्त उठून दिसतो. अंधारात निदान वीस मिनिटं मोबाइल खिशात. बॅटरीला पतंगाचा लाल कागद लावा.

मार्गशीर्ष अमावास्येला रात्री दहानंतर मृग बघा. पोटातल्या बाणाच्या (एका रेषेतल्या तीन ठळक ताऱ्यांच्या) खाली बारीक ताऱ्यांची एक ओळ आहे, तिच्या मधोमध तेजोमेघ. अंतर साधारण 1,300 प्रकाशवर्षं, तिथे आजही तारे जन्मतायत. द्विनेत्रीतून मला हाच सर्वांत आवडतो.

चाळीसगावकर:
धनु राशीतले तेजोमेघ पावसाळ्यात ढगाआड जातात. त्यासाठी एप्रिल-मेची पहाट गाठा, आणि दक्षिणेला दिवे नसलेली जागा शोधा. आमच्याकडे पाटणादेवीच्या दक्षिणेला डोंगरच आहेत, म्हणून तिकडे दिव्यांचा त्रास नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख इथलाच. भाग अभयारण्यात येतो, तेव्हा रात्री थांबायचं तर वनखात्याला आधी विचारा.

केळीवाला_रावेर:
मनापासून आभार. द्विनेत्रीच घेतो. पालला कार्तिक अमावास्येला जाऊ. कुणाला यायचं असेल तर इथेच कळवा, गाडीत दोन जागा आहेत.