सगळ्या बिल्डिंगला सॉफ्टनर? माझा विरोध आहे

बार्शी रोड, लातूर

रविवारी आमच्या अपार्टमेंटची मीटिंग आहे. विषय एकच, बोअरच्या लाइनवर २० फ्लॅटसाठी मोठा वॉटर सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवायचा. वर्गणी घरटी. माझा विरोध आहे, आणि तो फक्त वर्गणीला नाही.

आपलं नळाचं पाणी मुळात वाईट नाही. मांजरा धरणातून येतं, बोअरच्या मानाने हलकं असतं. पण नळ रोज येत नाही, म्हणून त्याच टाकीत बोअर सोडतो आणि सगळंच जड करून घेतो. बेसाल्ट खडकाच्या भेगांत मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येणार. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडची कितीतरी बोअर या दोन आकड्यांच्या मधे बसतात.

आता मिठाचा हिशोब करा. टाकीचं काठिण्य ४०० धरा, घरी रोज ५०० लिटर वापर. म्हणजे रोज २०० ग्रॅम काठिण्य काढायचं. सॉफ्टनरमध्ये अडकलेलं हे काठिण्य मिठाच्या पाण्याने धुवून काढावं लागतं, आणि त्याला व्यवहारात दुप्पट-अडीचपट मीठ लागतं. महिन्याला घरटी १२ ते १५ किलो, बिल्डिंगचं मिळून अडीच-तीन क्विंटल. हे खारं पाणी जाणार कुठं? ड्रेनेजची लाइन नाही, शोषखड्डा आहे, आणि तो बोअरच्या शेजारीच आहे! शिवाय यातलं निम्मं गोड केलेलं पाणी संडासात, फरशीला आणि गाड्या धुवायलाच जाणार. ज्या गावाने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तिथं सॉफ्टनर धुवून काढायला वर आणखी पाणी ओतायचं?

गिझर ५० अंशांवर ठेवा, वर्षातून एकदा उघडून साफ करा, कपडे गार पाण्यात धुवा. एवढ्यात भागतं.

गिझर-मशीन रिपेअरिंग, नांदेड

साहेब, हिशोब कागदावर बराबर हाय. पण वर्षातून एकदा गिझर उघडणारं घर मला दाखवा. लोक फोन करतात ते कॉइल उडाल्यावर, नाहीतर टाकी गळाय लागल्यावर.

आत काय होतं ते सांगतो. कॉइलवर क्षाराचा थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापते. आधी पाणी तापायला उशीर, मग खडखड आवाज, मग एक दिवस एमसीबी पडतो. आत मॅग्नेशियमची कांडी असती, टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. ती संपली की गंज टाकीला लागतो. ही कांडी बदलायची असती हे गिऱ्हाइकाला ठाऊकच नसतं.

आणि "साफ करा" म्हणलं की लोक काय करतात? संडासचं ॲसिड ओततात. कॉइलचं कव्हर खाल्लं, वॉशर गेले, जोडाला गळती. सायट्रिक ॲसिडचं पाणी करा, वीज बंद करून कॉइल बाहेर काढा, त्यात भिजवा. पण एवढं कोण करतंय? त्यापरीस सॉफ्टनर परवडला.

परभणीची गृहिणी

दोघांनाही नमस्कार. चर्चा गिझरवरच अडकली म्हणून लिहिते. दादा, "एवढ्यात भागतं" हे कुणाचं भागतं? नळाच्या जाळ्या, शॉवरची भोकं, बेसिनचे पांढरे डाग कोण घासतं? साबणाला फेस येत नाही म्हणून पावडर जास्त टाकायची, मग ती निघत नाही म्हणून पुन्हा खळबळायचं. त्यात जाणारं पाणी तुमच्या हिशोबात कुठंय? तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या खाते ते वेगळंच.

एक मात्र सगळ्यांना सांगते. आरओचं टाकाऊ पाणी कूलरमध्ये ओतू नका. पाणी वाचलं असं वाटतं, पण कूलरमधून वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. मे महिन्यात गवताच्या जाळ्या दगडासारख्या होतात, पंप अडकतो. ते पाणी फरशी पुसायला ठेवा. कूलरची टाकीसुद्धा दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करायची, नुसती भर घालत राहायची नाही.

मोसंबीवाला, अंबड

लातूरच्या भाऊंना माझा पाठिंबा. आमचं सगळं ठिबकवर. ड्रिपर क्षाराने बंद पडतात, ते आम्ही ॲसिड सोडून मोकळे करतो. तो त्रास परवडला, पण सोडियम जमिनीत नको. काळ्या रानात सोडियम वाढलं की माती घट्ट होती, पाणी खाली जिरतच नाही. सॉफ्टनरचं पाणी झाडाला घालून बघा एखाद्या वर्षी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी शोषखड्डे केले ते सांडपाणी जिरवायला. तुम्ही त्यात मिठाची पोती रिकामी करणार.

रसायनशास्त्र शिकवतो, अंबाजोगाई

दोन-तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

दुकानदार टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून "पाणी जड आहे" म्हणतो, ते ऐकू नका. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं; मिठाचं पाणीही तिथं मोठा आकडा दाखवेल. काठिण्याची चाचणी वेगळी असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ती होते.

गिझरमधला थर येतो तो मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे. तापवल्यावर त्याचं कार्बोनेट होऊन ते खाली बसतं, आणि ६० अंशांच्या पुढे हे फार वेगाने होतं. त्यामुळे थर्मोस्टॅट कमी ठेवायचा सल्ला बरोबर. गार पाण्यावर वॉशिंग मशीन चालवलं तर हीटरवर थर धरण्याचा प्रश्नच येत नाही, हेही बरोबर. पण परभणीच्या ताई म्हणतात तो साबणाचा प्रश्न थर्मोस्टॅटने सुटत नाही. त्याला पाणीच मऊ हवं.

सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. ४०० चं काठिण्य काढलं की लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबवाल्यांनी ते तसंच पिऊ नये. आरओतून गाळलं तर बरंच निघतं, आणि आरओचा पडदाही जास्त टिकतो.

लाइनवर चुंबक बसवून क्षार जातात असं सांगणारे हल्ली फिरतात. त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.

माझं मत: बिल्डिंगला नको, पण गिझर आणि वॉशिंग मशीनच्या फांदीवर, म्हणजे त्यांना जाणाऱ्या पाइपवर, लहान सॉफ्टनर हवा. रोजचे १५०-२०० लिटरच मऊ करायचे.

बार्शी रोड, लातूर

सर, फांदीवर लहान युनिट मला पटतं. ताई, पावडर आणि खळबळायचं पाणी मी धरलं नव्हतं, तो मुद्दा मीटिंगमध्ये मांडतो. पण मिठाच्या पाण्याचं काय करायचं याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

माझी सूचना छताची आहे. मराठवाड्याचा पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटर. हजार चौरस फुटांच्या छतावरून वर्षाला ५० हजार लिटर तरी मिळतात, आणि त्याच्याइतकं मऊ पाणी दुसरं नाही. पहिला पाऊस सोडून द्यायचा, पुढचं बोअरमध्ये न घालता वेगळ्या टाकीत धरायचं आणि तेच मशीनला द्यायचं.

गिझर-मशीन रिपेअरिंग, नांदेड

साहेब, ५० हजार लिटरची टाकी ठेवणार कुठं, पार्किंगमध्ये? आणि २० घरांत वाटली तर ती दिवाळीपर्यंत तरी पुरंल का? लहान युनिट लावा म्हणता तर लावा, पण मीठ कोण भरणार ते आधी ठरवा. मीठ संपलेले सॉफ्टनर मी घरोघरी बघतो. यंत्र भिंतीवर असतं आणि कॉइल माझ्या दुकानात.

परभणीची गृहिणी

मीठ भरणारे आम्हीच असणार, त्याची काळजी नको. मीटिंगला घरातल्या बायकांना बोलवा म्हणजे झालं.