मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय आणून मुलीला माणसाचं हृदय शिकवता येईल का?

अकरावीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी सायन्सला आहे, नीटची तयारी चालू आहे. हृदयाचा धडा तिचा तोंडपाठ आहे पण परवा रात्री वही मिटून माझ्याजवळ आली आणि म्हणाली आई मला सगळं पाठ आहे पण डोळ्यासमोर काही येतच नाही, व्हॉल्व्ह म्हणजे नक्की दारासारखा असतो का पडद्यासारखा? मी कॉमर्सवाली, काय सांगणार. कॉलेजात डिसेक्शन होत नाही, व्हिडिओ दाखवतात. आमच्याकडे रविवारी मटण असतंच म्हणून डोक्यात आलं की बोकडाचं हृदय आणून तिला कापून बघू द्यावं. पण ते माणसाच्या हृदयाशी कितपत जुळतं? नाहीतर चुकीचंच डोक्यात बसायचं आणि पेपरात मार्क जायचे. आणि दुकानात नेमकं काय मागायचं?

मटणवाला_कोल्हापूर
ताई शेवटच्या प्रश्नाचं मी सांगतो, आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. दुकानात "काळीज द्या" म्हणू नका, कलेजी म्हणजे लिव्हर हातात पडेल. आमच्यात हृदयाला दिल म्हणतात. आणि नुसतं दिल मागितलं तरी बरेच जण ते उभं चिरून आतलं गोठलेलं रक्त काढून देतात, वरच्या नळ्या तर मुळातच छाटलेल्या असतात, असलं आणून पोरीला काय दिसणार. आदल्या दिवशी सांगून ठेवा की दिल फुप्फुसाला आणि श्वासनळीला चिकटलेलंच पाहिजे, चिरू नका, वरच्या नळ्या जेवढ्या लांब ठेवता येतील तेवढ्या ठेवा. पोरीच्या अभ्यासाला पाहिजे म्हणून सांगा, माझ्याकडं कुणी असं मागितलं तर मी स्वतः सावकाश काढून देतो. आणि रविवारी सकाळी लवकर जा, दहा वाजता गर्दीत कुणालाच वेळ नसतो.

व्हेट_लातूर
अकरावीची आई, बिनधास्त करा. चार कप्पे, चार व्हॉल्व्ह, रक्ताचा रस्ता हे सगळं बोकडात आणि माणसात सारखंच आहे. ग्लोव्हज घालायला लावा, जुना पाट आणि नवीन ब्लेड घ्या, झाल्यावर सगळं साबणाने धुवा, आणि ते हृदय परत स्वयंपाकात घेऊ नका.

कापायच्या आधी नुसतं दाबून बघू दे. एक बाजू घट्ट लागेल, एक पिचकेल. घट्ट ती डावी, कारण डाव्या व्हेंट्रिकलला, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याला, अख्ख्या शरीराला रक्त ढकलायचं असतं आणि उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच. माणसात डावी भिंत साधारण 1 सेंटीमीटर जाड असते आणि उजवी त्याच्या एक तृतीयांश. पुस्तकातल्या चित्रात डावं उजवीकडे असतं त्याने पोरं गोंधळतात, पण हाताला एकदा कळलं की गोंधळ संपतो. मग सगळ्यात जाड भिंतीची नळी, जी दाबली तरी तोंड उघडं राहतं, ती महाधमनी. तिच्यात हळूच पाणी ओतायचं. व्हॉल्व्ह शाबूत असेल तर पाणी वर थांबतं, खाली जात नाही. त्याच व्हॉल्व्हच्या जरा वर दोन बारीक भोकं दिसतील, टूथपिक जाईल एवढी, त्या हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या कोरोनरी, हार्ट अटॅकमध्ये ज्या तुंबतात त्याच.

आता फरक, हे तिला वहीत लिहायला सांगा. माणसात महाधमनीच्या कमानीतून तीन फांद्या निघतात, बोकडात एकच जाड खोड निघतं आणि पुढे जाऊन फुटतं. श्वासनळीचं पण तसंच, दोन भाग व्हायच्या आधीच बोकडात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाला एक वेगळी नळी जाते, माणसात ती नसते. आणि बोकड चार पायांवर चालतो, छाती अरुंद आणि खोल, हृदय छातीच्या हाडाला धरून उभं असतं. आपण उभे राहतो म्हणून आपलं हृदय तिरकं होऊन पडद्यावर, म्हणजे डायफ्रॅमवर टेकलेलं असतं.

रिटायर्ड_झूलॉजी_मास्तर
वरच्या डॉक्टरांनी फरक लिहायला सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे, कारण प्राण्यातला आणि माणसातला फरक न बघितल्यापायीच वैद्यकशास्त्र तेराशे वर्षं चुकलं. प्राचीन रोममध्ये गॅलन नावाचा वैद्य माकडं, डुकरं, बैल कापायचा, माणसाचं शव फाडायला तिथे परवानगी नव्हती. बैल-मेंढीच्या मेंदूखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते माणसातही असणार असं त्याने लिहून ठेवलं आणि सगळे तेच शिकत राहिले. व्हेसालियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने इटलीतल्या पादुआत माणसाची शवं स्वतः फाडून बघितली आणि 1543 साली पुस्तक छापलं तेव्हा गॅलनच्या अशा कितीतरी चुका उघड झाल्या. आणि त्याच्याही आधी आपल्या सुश्रुतसंहितेत माणसाचंच शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायचं आणि मग कुंच्याने एकेक थर काढत बघायचं असं सांगितलंय.

मी तीस वर्षं प्रॅक्टिकल घेतली. मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणा टाचलेला, क्लोरोफॉर्मचा वास, आणि वर्गातली निम्मी पोरं खिडकीकडे तोंड करून उभी. बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं, त्यावरून माणसाचं हृदय काय शिकणार? त्यासाठी ओढ्यातले बेडूक पोत्याने यायचे, मला त्याचं वाईट वाटायचं आणि आजही वाटतं. 2014 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, कॉलेजातलं प्राण्यांचं डिसेक्शन बंद करायला सांगितलं ते योग्यच झालं असं माझं मत आहे. तुमचा मार्ग मला पटतो, बोकड मटणासाठी कापलेलाच आहे, पोरीच्या धड्यासाठी वेगळा जीव जात नाही.

नर्सिंग_टीचर_नाशिक
ज्यांना हे नको असेल त्यांना थ्रीडी अ‍ॅप आहेतच, शाकाहारी घरातल्या माझ्या विद्यार्थिनी त्यावर शिकून उत्तम नर्स झाल्यात. पण भिंतीची जाडी आणि व्हॉल्व्हचा मऊपणा स्क्रीनवर कळत नाही हे मान्य. पेपर लिहिताना मात्र पुस्तकातलंच लिहायचं, बोकडात बघितलेलं नाही, हे तिला बजावून सांगा.

अकरावीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी सात वाजता दुकानात गेले, दादांनी सांगितलं तसंच मागितलं, मिळालं. मागच्या अंगणात मोरीजवळ पाट टाकून बसलो. पहिल्यांदा पाणी खालीच गेलं, मग कळलं की आम्ही दुसऱ्याच नळीत ओतत होतो, ती पातळ होती. जाड नळीत ओतल्यावर पाणी गच्च वर थांबलं आणि ही पोरगी ओरडली ते शेजारच्या काकू बघायला आल्या. मग डावी बाजू उभी कापली, आत व्हॉल्व्हच्या खाली पांढरे दोरे, एकेक शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड, ओढले तरी तुटेनात. ती म्हणाली आई हे पाळण्याच्या दोऱ्यांसारखं आहे, पडदाच आहे पण दोऱ्यांनी खाली बांधून ठेवलाय, म्हणून रक्ताच्या जोराने उलटा वर जात नाही. तिचं तिलाच उत्तर मिळालं. रात्री तिने न बघता आकृती काढली आणि बाजूला बोकडाचे फरक लाल पेनाने लिहिले. आता पुढच्या रविवारी गुर्दा आणू म्हणतेय, चालेल का?

व्हेट_लातूर
वा, फारच छान. गुर्दा आणा पण आधीच सांगतो, पुस्तकात माणसाच्या किडनीत जे बरेच त्रिकोण, म्हणजे पिरॅमिड दाखवलेत ते बोकडात तसे सुटे दिसणार नाहीत, एकच लांब कंगोरा दिसेल. डुकराची किडनी त्याबाबतीत माणसाच्या जवळची. बाहेरचा थर आणि आतला थर हा रंगातला फरक मात्र बोकडातही स्पष्ट दिसतो. मधोमध लांबीच्या दिशेने, दोन सारखे अर्धे होतील असा एकाच दमात काप द्यायला सांगा, करवतीसारखं ब्लेड मागेपुढे केलं की आतलं सगळं चेपतं.