सिरीज जोडणी आणि थंडीतलं व्होल्टेज
सोलर पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक, साखळीसारखे) जोडले तर एका पॅनलवर सावली पडली की अख्खी रांग बंद पडते, म्हणून पॅरललच (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडा, असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. हल्लीच्या पॅनलमागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड (करंटला वळणवाट देणारे छोटे भाग) असतात. कोपऱ्यावर झावळीची सावली आली तर त्या पॅनलचा साधारण तिसरा हिस्सा वगळून करंट पुढे जातो. पॅरललमध्ये मात्र करंटची बेरीज होते आणि वायर जाड घ्यावी लागते.

सिरीजची खरी भीती थंडीची. पॅनल गार पडलं की व्होल्टेज चढतं. आमच्या निफाडकडच्या मळ्यात दोन पॅनल सिरीजमध्ये होते, प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता पॅनल देतं ते सर्वाधिक व्होल्टेज) ४९.५, म्हणजे मिळून ९९. कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारं यंत्र) जास्तीत जास्त १०० व्होल्ट झेलणारा, त्यामुळे आम्ही निर्धास्त! जानेवारीत पारा ६ अंशांवर, काचेवर दव, ऊन पडलं आणि थोड्याच वेळात कंट्रोलरमधून जळका वास. लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. त्याखाली दर अंशाला आमच्या पॅनलचं व्होल्टेज ०.२८ टक्के वाढतं, म्हणजे १९ अंशांना थेट १०४. आता १५० व्होल्टचा कंट्रोलर बसवलाय. तुमच्या गावचं सर्वांत कमी तापमान धरूनच पॅनलची संख्या ठरवा.