मदत हवी आहे: एसी लावला की गाडी ओढत नाही, ॲव्हरेजही पडलंय (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, २०१७ ची. रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, म्हणजे सगळं शहरातलंच थांबत-थांबत चालवणं.

हिवाळ्यात एसीशिवाय लिटरला १७ मिळतात. गेल्या उन्हाळ्यात एसी लावून १४ मिळायचे, ते मी धरूनच चाललो होतो. यंदा मात्र ११.५. हा आकडा टाकी फुल्ल टू फुल्ल करून काढलाय, डॅशबोर्डवरचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सात रस्त्याला सिग्नलवर थांबलं की गार हवा हळूहळू कोमट होते. होटगी रोडला गाडी जरा मोकळी पळाली की परत गार. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर टक् करून लागला की थरथर थेट स्टिअरिंगमध्ये येते, आणि पहिल्या गिअरमध्ये उचलताना मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी गाडी निघते. घरचे सगळे बसवून तुळजापूरला निघालो, तर घाटात एसी बंद केल्याशिवाय तिसऱ्या गिअरमध्ये चढेना.

मार्चमध्ये एका गॅरेजला दाखवली. गॅस कमी आहे म्हणाले आणि काही न मोजता वरून गॅस भरला. थोडे दिवस बरं होतं, मग आधीपेक्षा जास्त बिघडलं. आता तेच म्हणतात कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाका.

वडिलांचा सल्ला, एसी बंद आणि काचा खाली. दुपारी दोनला ४२ अंशांत काचा खाली करून तुम्हीच एकदा आसरा चौकातून जाऊन या, असं त्यांना म्हणायची सोय नाही.

एसीने खरंच इतकं पेट्रोल जातं का? आणि कॉम्प्रेसरला हात घालण्याआधी काय काय बघून घेऊ?

प्रतिसाद १

जातं, पण तुमचं सगळं एसीच्या खात्यावर टाकता येणार नाही.

कॉम्प्रेसर बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्याच जिवावर फिरतो. भर उन्हात तो तीन ते पाच हॉर्सपॉवर सहज घेतो. तुमच्या इंजिनाची कागदावरची ताकद ६५-७० असेल, पण ती साडेपाच हजार आरपीएमच्या आसपास. सिग्नलवरून निघताना दीड हजारावर त्यातली जेमतेम पाव हातात असते. त्यातून चार वजा झाले की गाडी जड वाटणारच. मोठ्या इंजिनवाल्याला हे कळतसुद्धा नाही.

अमेरिकी सरकारची इंधनबचतीची माहिती सांगते की फार उष्ण हवेत एसीने ॲव्हरेज २५ टक्क्यांहूनही जास्त घटू शकतं, आणि छोट्या फेऱ्यांत फटका जास्त बसतो. तापलेली केबिन गार करताना पहिली काही मिनिटं कॉम्प्रेसर सलग चालतो, आणि तेवढ्यात तुमची कंपनी येते! म्हणून १७ चे १४ पटतात. १४ चे ११.५ नाही पटत. तोच रस्ता, तोच एसी, मग मध्ये काय बदललं ते शोधा.

थांबल्यावर कोमट आणि पळताना गार, हे लक्षण कंडेन्सरकडे बोट दाखवतं. एसीच्या गॅसमधली उष्णता बाहेर सोडणारी ही जाळी, रेडिएटरच्या पुढे असते. पळताना तिला वाऱ्याने हवा मिळते, उभ्या गाडीत फक्त पंख्याची. हवा कमी पडली की गॅसचा दाब चढतो, आणि चढलेल्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे गारवाही जातो आणि पेट्रोलही. वरून जास्तीचा गॅस मारला तरी हेच होतं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही; कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. किती ग्रॅम भरायचा ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

आता घरीच एवढं करा: गाडी चालू ठेवून एसी लावा, बॉनेट उघडा. थोड्या वेळात पंखा फिरायला लागतो का बघा (हात लांब ठेवून). मग बॅटरी (टॉर्च) घेऊन ग्रिलमधून कंडेन्सरकडे नीट बघा. नुसती नजर टाकून सोडू नका.

घाटाचं म्हणाल तर एसी बंद करण्याआधी गिअर खाली घ्या आणि आरपीएम वर ठेवा. पाच माणसं आणि एक लिटरचं इंजिन, तिथे दुसऱ्या गिअरमध्ये कमीपणा कसला? बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटरचं पॅडल पूर्ण दाबलं की कॉम्प्रेसर आपोआप काही क्षण सुटतो.

प्रतिसाद २

वडील शहरापुरते बरोबर आहेत हो. कमी वेगात काचा उघड्या ठेवल्याने पेट्रोल वाचतंच. पुण्याच्या हायवेला लागल्यावर मात्र हवेचा विरोध वाढतो आणि ती बचत कमी होत जाते. उन्हात उभी गाडी काढताना आधी काचा खाली करून तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावा आणि आतली हवाच फिरवायचं बटण दाबा.

ई-२० पेट्रोलचंही (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) थोडं धरा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ई-१० वरून ई-२० वर आल्यावर तीन-चार टक्के. अडीच किलोमीटरचा खड्डा त्याने भरत नाही. टायरची हवा बघितली का?

धागाकर्ता

हवा ठीक आहे. पंखा फिरतोय. पण बॅटरीने बघितलं तर कंडेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागातली जाळीच दिसत नाही! कापसाचे तंतू आणि धूळ मिळून बोटाने सोलून निघेल असा थर. कंपनीत गाडी टॉवेलच्या शेडला लागूनच उभी असते, एक्झॉस्ट पंख्याचं तोंड नेमकं तिकडेच. प्रेशर वॉशिंगवाल्याकडे नेऊ का?

प्रतिसाद १

प्रेशरने अजिबात नको, पातळ पत्र्या वाकतील आणि हवा कायमची अडेल. इंजिन गार झाल्यावर आधी मऊ ब्रशने थर काढा, पत्र्यांच्या दिशेनेच, आडवा नाही. मग साध्या नळीचं पाणी, जमल्यास आतून बाहेर. त्यानंतर मशीनने गॅस पूर्ण काढून स्टिकरप्रमाणे वजनावर भरून देणारा एसीवाला गाठा. एवढं होईपर्यंत नव्या कॉम्प्रेसरला एक रुपयाही देऊ नका. आणि गाडी उद्यापासून शेडच्या दुसऱ्या बाजूला लावा.