मदत हवी आहे: सामुदायिक मालकी म्हणजे समाजवाद, सहकार की तिसरंच काही?

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत आमचा छोटा वाचनगट आहे. पुढच्या बैठकीत सामुदायिक मालकीवर मला बोलायचं आहे आणि एका ठिकाणी अडले आहे.

गटातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं, "आपली हाउसिंग सोसायटी म्हणजे तेच की!" मला नाही पटत. प्लॉट सिडकोचा, भाडेपट्ट्यावर. म्हणजे जमीन सरकारी महामंडळाची. कारभार सहकारी, एका सदस्याला एक मत. फ्लॅट मात्र ज्याचा तो बाजारभावाने विकतो आणि वाढलेली किंमत त्याच्याच खिशात जाते. भाडेकरूला तर मतही नाही.

याउलट गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०१३ मध्ये गावाने शेतजमिनीही ग्रामदानात द्यायचं, म्हणजे गावाच्या मालकीच्या करायचं ठरवलं. ग्रामदानात कसणारा तोच राहतो, पण जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. या शेतजमिनीचं मालक सरकार नाही, म्हणून हा सरकारी समाजवाद नव्हे. जमीन बाजारात येत नाही, म्हणून भांडवलशाहीही नव्हे. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशाच व्यवस्था अभ्यासल्या: स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावजंगलं, फिलिपीन्समधले पाट. लोकांनी स्वतः नियम करून ते पिढ्यानपिढ्या टिकवले. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

इथपर्यंत ठीक. पण बाबासाहेबांनी १९४८ मध्ये संविधानसभेत खेड्यांवर कडाडून टीका केली होती. १९४७ च्या त्यांच्या योजनेत शेतजमीन सरकारची, कसणं सामूहिक, आणि ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. गावाच्या हाती मालकी दिली, तर जातींत वाटलेल्या त्या गावात शब्द कोणाचा चालणार? हा आक्षेप मला फार खरा वाटतो. सामुदायिक मालकी मानणारे याला काय उत्तर देतात? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, ऑस्ट्रॉम यांच्या मांडणीत एक अट आहे: नियम ज्यांना लागू, त्यांना ते बदलण्यात वाटा हवा. मेंढ्यात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू राहते. वनहक्क कायद्याखालच्या गावातल्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, हे नियमातच आहे. पण मेंढा लहान, गोंड आदिवासींचं गाव. जातींत वाटलेल्या गावात हीच रीत चालेल असं मी म्हणणार नाही. तिथे मालकी गावाची असली, तरी दाद मागायला गावाबाहेरचं न्यायालय लागेलच. बाबासाहेबांचा आक्षेप बैठकीत आधी मांडा, मेंढा नंतर.