'रानगाढव', 'देखत' आणि 'भाऊबंदकी' : इश्माएलाबद्दलच्या वचनाचा अर्थ काय?

नगरकन्या :

सर्वांना सलाम. बुधवारी आमच्या घरगुती शास्त्रपाठात उत्पत्तीचा १६ वा अध्याय होता. हागार, अब्राहामाची बायको सारा हिची मिसरी (इजिप्तची) दासी, अब्राहामापासून पोटुशी असताना पळून गेलेली, शूरच्या वाटेवर झऱ्यापाशी बसलेली. देवदूत तिला सांगतो, मुलगा होईल, त्याचं नाव इश्माएल ठेव, तो रानगाढवासारखा होईल, आपल्या सर्व भाऊबंदांच्या देखत वस्ती करील. इश्माएल अरबांचा मूळपुरुष आणि त्याचा सावत्र भाऊ इसहाक ज्यूंचा, असं मानतात. वाचन पुरतं संपलंही नव्हतं, तोच एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बघा, गाढवच म्हटलंय. गाझात जे चाललंय ते देवाने तेव्हाच लिहून ठेवलंय. ही भाऊबंदकी आहे, मिटायची नाही." तीन-चार जणांनी माना डोलावल्या. मी काहीच बोलले नाही आणि तेच मला अजून खुपतंय.

माझा प्रश्न शब्दांपुरता आहे. 'रानगाढव' ही मूळ भाषेत शिवी आहे का? 'देखत' या शब्दात वैर येतं का? आणि ज्यू-अरब संघर्षाला 'भाऊबंदकी' म्हणायला बायबलचा आधार आहे का?

शब्दमूळ :

ताई, पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण सगळी गफलत मराठी कानाची आहे. आपल्याकडे गाढव म्हणजे अडाणी, ओझ्याचा, लाथाळ. इब्रीत (हिब्रूत) ओझं वाहणाऱ्या गाढवाला 'हमोर' म्हणतात. इथे तो शब्दच नाही, इथे 'पेरे' आहे. वाळवंटात कळपाने धावणारं, कधीही माणसाच्या हाती न लागलेलं जनावर. कच्छच्या छोट्या रणात ज्यांनी घुडखर पाहिलं असेल त्यांना लगेच कळेल. फिकट बदामी अंग, पाठीवर गडद पट्टा, आणि जीप जवळ आली की धुळीची रेघ ओढत निघून जाणारा कळप. त्याला पाहून कुणाच्या तोंडी 'गाढव' ही शिवी येणार नाही.

हाच 'पेरे' ईयोबाच्या ३९ व्या अध्यायात भेटतो. देव ईयोबाला विचारतो, रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं? त्याची दावी कुणी सोडली? ते शहराच्या गजबजाटाला हसतं, हाकणाऱ्याची आरोळी ऐकत नाही. या ओळीत दोन शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. 'हाकणारा' यासाठी 'नोगेस' आहे. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकांवर मिसरात जे मुकादम नेमले होते त्यांना हाच शब्द वापरलाय. आणि 'ऐकत नाही' यासाठी 'लो यिश्मा'. हे तेच क्रियापद, ज्याच्यापासून 'इश्माएल' नाव बनलं.

आता हे एका दासीला सांगितलं जातंय, हे लक्षात घ्या. सारा तिचा जाच करत होती. तिथलं इब्री क्रियापदही तेच आहे, जे पुढे मिसऱ्यांनी इस्राएलाचा जाच केला तेव्हा येतं. इब्री मालकिणीच्या घरात मिसरी बाईला जे भोगावं लागलं तेच पुढे मिसऱ्यांच्या देशात इब्र्यांना भोगावं लागलं, आणि लिहिणाऱ्याने दोन्हीकडे एकच शब्द ठेवला. त्या बाईला देवदूत म्हणतो, तुझ्या मुलाच्या गळ्यात कुणाचं दावं पडणार नाही. हा तिला दिलेला दिलासा आहे. ती ऐकून रडली नाही, उलट देवाला नाव देऊन मोकळी झाली : 'एल-रोई', मला पाहणारा देव.

आणि जनावराची उपमा अपमानाचीच मानायची, तर उत्पत्तीच्या ४९ व्या अध्यायात याकोब स्वतःच्या मुलांना काय म्हणतो तेही वाचावं लागेल. यहूदा सिंह, दान वाटेवरचा साप, बन्यामीन लांडगा, आणि इस्साखार दणकट गाढव. तिथे 'हमोर' आहे, ओझ्याचंच. इस्राएलाच्या बारा वंशांतला एक.

वसईकर :

शब्दमूळ, पटतंय, पण मधली ओळ तुम्ही सोडलीत. 'त्याचा हात सर्वांवर आणि सर्वांचा हात त्याच्यावर.' हे काही गोड नाही. आपल्याला पाहिजे तेवढं घ्यायचं आणि टोचणारं गाळायचं, असं नको.

शब्दमूळ :

बरोबर आहे, टोचणारं आहे. तिथे 'बे' हे अव्यय आहे. 'मध्ये', 'ने', 'विरुद्ध' असे त्याचे अनेक अर्थ होतात, पण 'हात' शब्दाबरोबर आलं की बहुतेक वेळा झटापटच असते. ती मी पुसत नाही. पाण्यासाठी, चराईसाठी झगडणाऱ्या भटक्या माणसाचं ते वर्णन आहे. पण वाक्य कुठवर जातं ते पाहा : 'सर्वांचा' हात. इसहाकाचं नाव तिथे नाही, तो अजून जन्मलेलाही नाही. ज्यू विरुद्ध अरब असा सामना त्या ओळीत बसवायला आपल्याला बाहेरून शब्द आणावे लागतात.

आता 'देखत'. मूळ शब्द 'अल-पने', शब्दशः 'तोंडावर'. मराठीत या एका शब्दाचे किती प्रकार होतात बघा : घाटाच्या तोंडावर, तोंडावर बोलणे, परीक्षा तोंडावर आली. जागा, सामना, जवळीक, सगळं. इब्रीतही तसंच. काही इंग्रजी भाषांतरांनी त्यातला सामन्याचा अर्थ घेऊन 'वैराने राहील' असं केलं, आणि तिथून प्रवचनांत गेलं. पण उत्पत्ती २५:१८ मध्ये इश्माएलाच्या वंशजांची वस्ती सांगताना हाच शब्द एकाच वचनात दोनदा येतो. एकदा : शूर, जे मिसराच्या 'तोंडावर' आहे. आणि लगेच : तो आपल्या भावांच्या 'तोंडावर' वसला. शूर मिसराशी वैर धरून बसलं, असं कुणी म्हणत नाही. मग दुसऱ्यांदा का म्हणावं? म्हणून मला मराठीतलं 'देखत' आवडतं. भावांपासून तुटून नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर.

रेवदंड्याहून :

माझी भर छोटी आहे. आजोळी आमच्या शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं. गावात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. घरातल्या आजी कोकणी ढंगाचं मराठी बोलायच्या, पण दिवे लागले की 'शमा इस्राएल' पुटपुटायच्या. ऐक, हे इस्राएला. कोकणातल्या या समाजाने इब्री जवळपास विसरूनही ती प्रार्थना शतकानुशतकं जपली, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. 'शमा' आणि 'इश्माएल' यांचं मूळ एकच ना? अरबीतही 'समिआ' म्हणजे ऐकणे. म्हणजे एकाला आज्ञा आहे 'ऐक', आणि दुसऱ्याच्या नावातच 'देव ऐकतो'. मी त्या आजींना हे कधी सांगू शकले नाही, याची रुखरुख आहे.

दुसरं, 'ज्यू' आणि 'अरब' हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध ठेवायची सवयच मुळात अलीकडची. पुण्याच्या लाल देवळाला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, देणगी देणारं ससून घराणं बगदादचं. तिथून मुंबईत आलेल्या ज्यूंच्या घरांत अरबीच बोलली जायची. बायबलचं अरबी भाषांतर दहाव्या शतकात सादिया गाओन या ज्यू धर्मगुरूने केलं, आणि ज्यू तत्त्ववेत्ता मायमोनिडीसने आपला सगळ्यात गाजलेला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबी भाषेत, इब्री लिपीत लिहिला.

वसईकर :

मग 'खिदळणे' राहिलं. उत्पत्ती २१:९. इश्माएल काहीतरी करताना साराने पाहिला आणि त्याला घराबाहेर काढायला लावला. कुणी 'थट्टा' म्हणतं, कुणी 'छळ'. प्रेषित पौलाने गलतीकरांच्या पत्रात तर छळच म्हटलंय.

शब्दमूळ :

मूळ शब्द 'मेत्सहेक', हसणे, खेळणे, खिदळणे, थट्टा. गंमत म्हणजे 'इसहाक' नावही त्याच धातूपासून. इश्माएल जणू 'इसहाकपणा' करत होता. जुन्या ग्रीक भाषांतरात सरळ 'तिच्या मुलाबरोबर खेळताना' असं आहे. सारेने त्या खेळात वारशाचा धोका पाहिला, ते तिच्या तोंडचं पुढचं वाक्यच सांगतं : हा माझ्या मुलाबरोबर वारस होणार नाही. पौल तिथे रूपक करतो आणि तसं उघड सांगतो. त्याच्या रूपकात हागार म्हणजे सीनाय पर्वत आणि तेव्हाचं यरुशलेम, नियमशास्त्राखालचे लोक. अरबांबद्दल तो बोलतच नाही. त्या वचनावरून आजच्या अरबांवर बोट दाखवणं म्हणजे पौलाचं म्हणणं उलटं करणं.

देवाचा करार इसहाकाशी, हे खरं आणि ख्रिस्ती माणूस ते नाकारू शकत नाही. पण त्याच अध्यायात, १७:२० मध्ये, इश्माएलासाठी 'बेराख्ती' आहे, मी त्याला आशीर्वाद दिला आहे. बारा सरदार, मोठं राष्ट्र. 'शाप' हा शब्द इश्माएलाच्या कथेत एकदाही नाही. जो नाही तो आपण प्रवचनात घालतो.

नगरकन्या :

आमच्याकडे आणखी एक घोळ होतो. दावीद-गल्याथाची गोष्ट सांगताना कुणीतरी 'पलिष्टी' म्हणजे आजचे पॅलेस्टिनी असं सांगून टाकतं.

शब्दमूळ :

नावापुरतं नातं आहे, माणसांचं नाही. पलिष्टी समुद्रापलीकडून, एजियन भागातून आलेले. आमोस ९:७ मध्ये त्यांना कफतोराहून आणलं असं देव म्हणतो. बाबेलच्या स्वाऱ्यांनंतर ते समाज म्हणून इतिहासातून नाहीसे झाले. प्रदेशाचं नाव ग्रीकांनी चालू ठेवलं, आणि बार कोखबाचं, म्हणजे ज्यूंचं रोमविरुद्धचं, बंड इ. स. १३५ मध्ये मोडल्यावर रोमनांनी यहूदियाचं नाव 'सीरिया पॅलेस्टिना' केलं. मराठीत 'पलिष्टी' आणि 'पॅलेस्टिनी' हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. ते वेगळेच ठेवावेत. बेथलेहेम आणि नासरेथमध्ये अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकणाऱ्यांच्या यादीत शेवटचं नाव 'अरब' आहे, प्रेषितांची कृत्ये २:११.

रेवदंड्याहून :

आणि 'भाऊबंदकी'? तो तर ताईंचा मूळ प्रश्न.

शब्दमूळ :

बायबलमध्ये 'भाऊबंद' आहेत, 'भाऊबंदकी' आपली. मराठीत हा शब्द आला की बांध, सातबारा, वडिलोपार्जित जमीन, पिढ्यानपिढ्यांची कोर्टकचेरी हे सगळं सोबत येतं, आणि मुख्य म्हणजे 'हे असंच चालायचं' हा सुस्कारा येतो. आजच्या संघर्षाला तारखा आहेत : १९१७ चं बाल्फोर पत्र (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा), १९४७ चा संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव, १९४८ चं युद्ध आणि त्यात बेघर झालेले सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी, नंतर अरब देशांतून निघावं लागलेले लाखो ज्यू. हे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. त्यांना 'भाऊबंदकी' म्हटलं की निर्णय घेणारे दिसेनासे होतात आणि सगळं देवाच्या माथी जातं.

अब्राहाम वारल्यावर काय झालं ते उत्पत्ती २५:९ मध्ये आहे. इसहाक आणि इश्माएल, दोघांनी मिळून त्याला मकपेला गुहेत पुरलं. ती जागा हेब्रोनला आहे. इब्री 'हेब्रोन'चा संबंध 'हावेर', म्हणजे सोबती, या शब्दाशी लावतात. अरबीत त्याच गावाचं नाव 'अल-खलील', मित्र, अब्राहामावरून. त्याच गावात १९२९ मध्ये ६७ ज्यू मारले गेले, आणि काहींना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. १९९४ मध्ये त्या गुहेवर उभ्या असलेल्या इमारतीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना एका ज्यू माणसाने गोळ्या घातल्या. त्यानंतर वास्तूचे दोन भाग झाले, ज्यूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. हे वाचलं की इफिसकरांच्या पत्रातली 'आडभिंत' मला नुसती उपमा वाटत नाही. यरुशलेमच्या मंदिरात परक्यांना अडवणारा दगडी कठडा होता, त्यावर ग्रीकमध्ये लिहिलं होतं की जो ओलांडेल तो आपल्या मरणाला स्वतः जबाबदार. तो कोरीव दगड १८७१ मध्ये सापडला, आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ख्रिस्ताने ती भिंत पाडली असं पौल म्हणतो. ज्यू आणि परका, दोघांसाठी.

नगरकन्या :

आभार, दादा. या बुधवारी आमचा २५ वा अध्याय आहे. मी रात्री आधीच वाचून काढला आणि ११ वं वचन पहिल्यांदा नीट पाहिलं. बाप गेल्यावर इसहाक कुठे राहायला गेला? बैर-लहाय-रोई या विहिरीजवळ. हागारेने जिथे देवाला नाव दिलं, तीच विहीर. त्या काकांना मी हे वचन मोठ्याने वाचायला सांगणार आहे.